फुटपाथच्या कडेला (कर्बला) चाक आदळल्यावर माझदा एमएक्स-५ (२००१) मध्ये थेट कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा एकत्र संच) बसवावेत का?

नाही, आधी वाकलेलं काय ते शोधा. वाकड्या आर्मवर (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यावर) महागडे कॉइलओव्हर लावले तरी गाडी एका बाजूला ओढतच राहील. या मॉडेलला चारही चाकांना डबल विशबोन (वर एक, खाली एक असे दोन आर्म) आहे, आणि कर्बचा आडवा मार बहुतेक वेळा खालच्या कंट्रोल आर्मवर आणि टाय रॉडवर (चाक वळवणाऱ्या स्टीअरिंगच्या दांड्यावर) येतो. अलाइनमेंटवाल्याकडून कॅम्बरबरोबर (चाकाचा आत-बाहेर कल) स्टीअरिंग अ‍ॅक्सिसचा (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा) कोनही दोन्ही बाजूंचा छापून घ्या. कॅम्बर आणि हा कोन यांची बेरीज दोन्हीकडे सारखी नसेल तर नकल (चाकाचं बेअरिंग धरणारा, आर्मना जोडलेला भाग) वाकलाय. बेरीज सारखी पण कोन वेगळे, तर आर्म किंवा सबफ्रेम (आर्म ज्या चौकटीला बसतात ती) वाकलीय. आर्म तापवून सरळ करून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना हात जोडा आणि नवा (किंवा भंगारातला सरळ) आर्म घ्या. व्हील बेअरिंगवरही लक्ष ठेवा, त्याची घरघर कधीकधी नंतर सुरू होते.

एवढं उघडलंच आहे तर अपग्रेड आत्ताच उरका:
- शॉक अ‍ॅब्सॉर्बर जोडीनेच बदला.
- रोजच्या वापराला आर्मच्या सांध्यांत रबरी बुश (धक्का झेलणाऱ्या नळ्या) बरे, पॉलियुरेथेन कडक लागतात.
- रबरी बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच आवळा. उचललेल्या गाडीवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. मात्र सबफ्रेम किंवा बॉडीचा माउंटिंग पॉइंट सरकला असेल तर हे घरच्या गॅरेजचं काम नाही. आणि तुम्ही ब्रिटनमध्ये असाल, तर कॉइलओव्हर लावल्याचं विमा कंपनीला कळवा.