वाचक विचारतात: पाण्यातला कांगारू आणि आपले कोळसुंदे

प्रश्न: कुत्रा मागे लागल्यावर कांगारू तळ्यात शिरतो आणि कुत्र्यालाच बुडवतो, असा व्हिडिओ पाहिला. हे खरं का? भीमगडच्या रानात कोळसुंदे (आपले रानकुत्रे) मागे लागले की सांबरही असंच करतं का?
— एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर: खरं आहे. पळून निभावत नाही असं दिसलं की मोठा कांगारू छातीभर पाण्यात जाऊन थांबतो. तांबड्या कांगारूचा नर ८५ किलोपर्यंत भरतो, तर ऑस्ट्रेलियातला रानकुत्रा, डिंगो, साधारण १५ ते २० किलोंचा. पाण्यात कांगारूचे मागचे पाय तळाला टेकलेले असतात, कुत्र्याचे चारही अधांतरी. कुत्रा पोहत जवळ आला की कांगारू पुढच्या हातांनी त्याची मान धरून खाली दाबतो. पाणी नसेल तर झाडाला पाठ लावतो, भार शेपटीवर घेतो आणि मागचे दोन्ही पाय एकदम झाडतो. त्या लांब नखाने कुत्र्याचं पोट फाटू शकतं.

म्हणूनच डिंगो सहसा अशा नराच्या वाटेला जात नाहीत. ते मादी किंवा पिल्लू हेरतात. जीव घेऊन पळणाऱ्या मादीच्या पिशवीचे स्नायू सैलावून पिल्लू बाहेर पडतं, आणि कुत्रे तिथेच अडकतात. आई पिल्लाला मुद्दाम फेकते, असं मात्र म्हणू नये.

मेंढ्या राखण्यासाठी तिथे सुमारे ५,६०० किलोमीटर लांबीचं कुंपण घातलंय. कुंपणाच्या ज्या बाजूला डिंगो फारसे उरले नाहीत, तिथे कांगारू वाढले आणि गवतावर ताण आला.

आता सांबर. तेही पोटभर पाण्यात उभं राहून पुढच्या खुरांनी मारतं, नर शिंगंही रोखतो. पण धरून बुडवायला त्याला हात नाहीत. शिवाय कोळसुंदे पट्टीचे पोहणारे, आणि येतात कळपाने. काही पाण्यात उतरतात, काही काठावर वाट बघत बसतात. पाणी खोल असेल तर पाय सुटून सांबरच फसतं. म्हणजे पाण्याने वेळ मिळतो, सुटका होईलच असं नाही.

प्रश्न: रानाच्या कडेला कालवड मेलेली सापडली. कोळसुंद्यांनी मारली, बिबट्याने की गावठी कुत्र्यांनी, कसं ओळखायचं?
— एक शेतकरी, कणकुंबी

उत्तर: आधी गळा बघा. नरड्यावर सुळ्यांची खोल भोकं आणि ओढत नेल्याची खूण असेल तर संशय बिबट्यावर. कोळसुंदे गळा धरून बसत नाहीत. ते मागून, मांड्या आणि पोटाकडून फाडतात, जनावर जिवंत असतानाच खायला लागतात आणि थोड्याच वेळात बरंचसं संपवतात. गावठी कुत्री बहुधा नुसती चावत सुटतात: पाय, शेपूट, कानांवर जखमा, दोन-तीन जनावरं जायबंदी आणि मांस तसंच पडलेलं.

पावलांत नखांच्या खुणा दिसल्या तर प्राणी कुत्र्याच्या जातीचा. बिबट्याची नखं चालताना आत असतात. पण नुसत्या पावलावरून कोळसुंदा की गावठी कुत्रा, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. जखमा आणि पावलं एकत्र बघावीत.

पंचनामा होईपर्यंत मढं हलवू नका. गळा, मांड्या आणि पावलांचे फोटो शेजारी काडेपेटी ठेवून काढा, म्हणजे माप कळतं. मग लगेच वनखात्याला कळवा. भरपाईची वाट तिथूनच जाते. मढ्यात विष घालणं हा गुन्हा आहे, आणि त्याने तुमचीच राखणीची कुत्री आधी मरतील. त्या कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपरची लस टोचून घ्या. हे रोग त्यांच्याकडून कोळसुंद्यांच्या कळपात शिरतात.