पेंट शॉपमधला थिनर आणि वडिलांचा सीएलएल

तुमचा प्रश्न असा: वडील नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात वीसेक वर्षं पेंट शॉपमध्ये होते, निवृत्तीनंतर काही वर्षांनी सीएलएल (पांढऱ्या पेशींचा, हळू वाढणारा रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमियाचा एक प्रकार) निघाला, तर तो रंग पातळ करायच्या थिनरमुळे झाला का आणि भरपाई मागता येईल का? मी सातपूर-अंबड पट्ट्यात सेफ्टी ऑफिसर होतो. डॉक्टर नाही, वकीलही नाही.

थिनरमधला खरा संशयित म्हणजे बेंझिन हे रसायन. ते श्वासातून आणि कातडीतून शरीरात जातं, यकृतात त्याचे तुकडे होतात आणि ते तुकडे अस्थिमज्जेला, म्हणजे रक्त तयार होतं तिथेच, इजा करतात. बेंझिनने एएमएल हा तीव्र ल्युकेमिया होतो याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेला शंका नाही. सीएलएल आणि सीएमएल या ल्युकेमियाच्या जुनाट प्रकारांबाबत मात्र ती संस्था ‘संबंध दिसतो, पण पुरावा अपुरा’ इथेच थांबते. शिवाय सीएलएल मुळातच उतारवयाचा आजार. त्यामुळे डॉक्टर ‘नक्की सांगता येत नाही’ म्हणाले असतील, तर ते टाळाटाळ करत नाहीयेत.

म्हणून विषय सोडायचा का? अजिबात नाही. पण ‘थिनर होता’ एवढ्यावर काहीच उभं राहत नाही. थिनरमध्ये मुख्यतः टोल्युइन, झायलीन ही दुसरी द्रावकं असतात. बेंझिन त्यात भेसळीसारखं येतं, आणि किती ते मालावर ठरतं. वडिलांना शांतपणे बसवून विचारा. डबे कुठले यायचे? रंग फवारायची गन कशात धुवायचे? सुटीच्या वेळी हात थिनरनेच धुवायचे का? (बहुतेक जण धुवायचे, रंग साबणाने निघत नाही आणि बस चुकायची असते.) पार्ट पुसायला पेट्रोल वापरायचे का? आज पेट्रोलमध्ये बेंझिन 1 टक्क्याच्या आत ठेवावं लागतं, पूर्वी ते जास्त चालायचं. फवारणीच्या बूथचा एक्झॉस्ट पंखा चालू असायचा की वीज वाचवायला बंद? तोंडाला काय बांधायचे? रुमालाने रंगाचे काही कण अडतात, वाफ अडत नाही; त्याला वाफ शोषणारा कार्ट्रिजवालाच मास्क लागतो. उत्तरं सालवार लिहून काढा आणि जुन्या सोबत्यांकडून ताडून घ्या.

एक खर्च मात्र टाळा. लघवीतून बेंझिनचा अंश मोजणाऱ्या तपासण्या खऱ्या आहेत, पण त्या गेल्या एक-दोन दिवसांतलाच संपर्क दाखवतात. निवृत्त माणसाला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

कागद गोळा करा: सर्व्हिस सर्टिफिकेट, पीएफचा उतारा, ईएसआय (कामगार विमा) कार्ड, वार्षिक तपासणीचे जुने सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचे) रिपोर्ट. हे सीबीसी सोन्यासारखे. पांढऱ्या पेशी कधीपासून चढू लागल्या ते त्यातच सापडतं. भोपाळच्या वायुकांडानंतर, कारखाने कायद्याच्या 1987 च्या दुरुस्तीने, धोकादायक प्रक्रियेतल्या कामगारांच्या आरोग्यनोंदी ठेवणं आणि त्या कामगाराला पाहू देणं कारखान्यावर बंधनकारक झालं. वडिलांचा विभाग धोकादायक प्रक्रियेत धरला होता का, हे कंपनीला लेखी विचारा, पोच घ्या, आणि एक प्रत नाशिकच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्या. वडील ठेकेदाराकडे असतील तर हजेरीचा कुठलाही चिटोरा जपा.

भरपाईचं अवघड आहे. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत बेंझिनमुळे होणारे आजार होते, पण नोकरी सुटल्यानंतर 2 वर्षांत लक्षणं दिसली तरच ती तरतूद सरळ लागू व्हायची. ल्युकेमिया यायला दहा-वीस वर्षंही लागतात, मग ही मुदत कुणाच्या सोयीची, ते तुम्हीच बघा. दावा उशिरा दाखल झाला तर तो उशीर माफ करायचा अधिकार त्या कायद्याखालच्या आयुक्तांना होता, म्हणून लक्षणं नेमकी कधी सुरू झाली याचे कागद महत्त्वाचे. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी नव्या कामगार संहिता आल्यात, तेव्हा अर्ज कुठल्या कलमाखाली करायचा ते कामगार न्यायालयात रोज उभं राहणाऱ्या वकिलालाच विचारा. दावा टक्केवारीवर घेणाऱ्या एजंटांपासून लांब राहा.

उपचार यासाठी थांबवू नका. सीएलएलमध्ये पुष्कळदा लगेच औषध देतच नाहीत, ठराविक काळाने तपासून नजर ठेवतात. घरचे घाबरतात, पण तो दुर्लक्षाचा प्रकार नाही. रक्ताच्या आजारांच्या तज्ज्ञालाच दाखवा आणि वीस वर्षांचं काम केसपेपरवर लिहायला सांगा. ओपीडीच्या गर्दीत ‘व्यवसाय: निवृत्त’ एवढंच लिहून पुढचा नंबर पुकारतात.