'मेन'चा स्फोट हे निमित्त होते, कारण क्यूबातच होते

१८९८ चे अमेरिका-स्पेन युद्ध 'मेन' या युद्धनौकेच्या स्फोटामुळे आणि न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांच्या चिथावणीमुळेच पेटले का, आणि एवढे जुने साम्राज्य चार महिन्यांच्या आत कसे कोसळले, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नातल्या 'च'ला माझी हरकत आहे.

स्पेनच्या ताब्यातल्या क्यूबाचे स्वातंत्र्ययुद्ध फेब्रुवारी १८९५ पासूनच चालू होते आणि त्याआधी १८६८ ते १८७८ अशी दहा वर्षे एक उठाव होऊन गेला होता. साखरेवर जगणाऱ्या या बेटाचे मोठे गिऱ्हाईक अमेरिका होती. तिने १८९४ मध्ये साखरेवर पुन्हा जकात बसवली तेव्हा मळ्यांचे कंबरडे मोडले आणि असंतोषाला धार आली. बंडखोर उसाचे मळे जाळत, कारण स्पेनचे उत्पन्न तिथून येई. त्यांना खेड्यांतून रसद मिळू नये म्हणून स्पेनचा जनरल वेलर याने १८९६ पासून ग्रामीण जनतेला तटबंदीच्या गावांत कोंडले. तिथे उपासमारीने आणि रोगराईने लाखाहून अधिक माणसे दगावली. हर्स्ट आणि पुलित्झर यांच्या न्यूयॉर्कमधल्या वृत्तपत्रांनी या बातम्यांना भरपूर तिखटमीठ लावले हे खरे, पण हा अनर्थ त्यांनी रचलेला नव्हता.

स्पेनने वेलरला परत बोलावून जानेवारी १८९८ पासून क्यूबाला स्वायत्तता दिली. ती बंडखोरांना अपुरी वाटली आणि हवानातल्या स्पेननिष्ठांनी तर तिच्याविरुद्धच दंगल केली. त्यानंतर अमेरिकी नागरिकांच्या रक्षणासाठी म्हणून 'मेन' हवानाच्या बंदरात आली आणि १५ फेब्रुवारीच्या रात्री तिच्यात स्फोट होऊन अडीचशेहून अधिक लोक मेले. अमेरिकी आरमाराच्या चौकशीने पाण्यातल्या सुरुंगाकडे बोट दाखवले, तरी तो कोणी लावला हे सांगितले नाही. १९७६ मध्ये अमेरिकी आरमाराचे ॲडमिरल रिकोव्हर यांच्या अभ्यासाने दारूगोळ्याच्या कोठाराशेजारच्या कोळशाला लागलेली आग हे अधिक संभाव्य कारण मानले. युद्ध टाळू पाहणारा स्पेन असले कृत्य कशाला करील, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

एप्रिलच्या अखेरीस युद्ध जाहीर झाले ते क्यूबासाठी, पण पहिली मोठी लढाई झाली स्पेनच्याच ताब्यातल्या फिलिपिन्समध्ये. १ मे रोजी अमेरिकी आरमाराच्या डेवीने मनिलाच्या उपसागरात स्पेनचे जुनाट आरमार काही तासांत संपवले. (पॅसिफिकमधल्या गुआम बेटाच्या स्पॅनिश अधिकाऱ्यांना तर जूनमध्येही युद्धाची खबर नव्हती, अमेरिकी तोफांचे आवाज त्यांना सलामी वाटले.) क्यूबात सँतियागो या बंदराच्या शहराजवळ १ जुलैला मात्र अमेरिकनांना रक्त सांडावे लागले. एल काने येथे सुमारे पाचशे स्पॅनिश शिपायांनी कैक पटींनी मोठ्या फौजेला दिवसाचा बराच वेळ थोपवून धरले. तेव्हा शिपाई भित्रे होते म्हणून स्पेन हरला, असे म्हणता येत नाही. उणीव समुद्रावर होती. स्पेनच्या ॲडमिरल सेरवेराच्या सर्वांत नव्या जहाजावर मुख्य तोफाच बसवलेल्या नव्हत्या, आणि ही मोहीम विनाशाची आहे असे त्याने माद्रिदला आधीच कळवले होते. ३ जुलैला बंदराबाहेर पडताच त्याची सहाही जहाजे गेली. अमेरिकेचा एकच खलाशी मेला. आरमार नसलेल्या देशाने समुद्रापलीकडच्या फौजेला धान्य तरी कसे पोचवावे?

सँतियागो शरण आले तेव्हा, अमेरिकनांचे किनाऱ्यावर उतरणे ज्यांनी सुकर केले त्या बंडखोर सेनानी कालिक्स्तो गार्सियाच्या क्यूबन सैनिकांना शहरात येऊ दिले नाही. मनिलात १३ ऑगस्टला स्पॅनिश अधिकाऱ्यांशी आधीच ठरवून लुटुपुटीची लढाई करण्यात आली आणि स्पेनविरुद्ध लढणाऱ्या फिलिपिनो सैन्याला वेशीबाहेर ठेवले गेले. वास्तविक आदल्याच दिवशी युद्धविरामावर सह्या झाल्या होत्या, पण समुद्राखालची तार डेवीनेच तोडली असल्याने तिथे कोणाला पत्ता नव्हता. डिसेंबरमधल्या पॅरिस तहात अमेरिकेने पोर्तो रिको आणि गुआम घेतले, शिवाय २ कोटी डॉलर देऊन फिलिपिन्सही. तहाच्या मेजावर ना क्यूबन होता ना फिलिपिनो. सिनेटने ६ फेब्रुवारी १८९९ रोजी तो मंजूर केला, तेव्हा मनिलाभोवती अमेरिकन आणि फिलिपिनो यांच्यात गोळीबार सुरू होऊन दोन दिवस झाले होते.