आतलं चाक नुसतं फिरतं

प्रश्न : माझ्याकडे १९७१ची एमजीबी रोडस्टर ही जुनी ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार आहे. क्रोम बंपरवाली, डाव्या स्टिअरिंगची. डांबरावर शंकू मांडून होणाऱ्या ऑटोक्रॉसमध्ये मी ती उतरवतो. घट्ट वळणातून बाहेर पडताना दुसऱ्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की मागचं आतलं चाक जागच्या जागी फिरतं. इंजिन ओरडतं, गाडी मात्र रेंगाळते. उजव्या वळणात हे फार होतं, डाव्या वळणात कमी. गाडी खूप कलते म्हणून मागे कडक पाटे (लीफ स्प्रिंग) आणि बाजारात मिळणारा अँटी-रोल बार, म्हणजे कलणं रोखणारी दांडी, बसवला होता. त्यानंतर त्रास वाढल्यासारखा वाटतो. एक मित्र म्हणतो डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गियरपेटी) वेल्ड करून टाक, दुसरा म्हणतो लिमिटेड स्लिप, म्हणजे एका चाकाचं नुसतं फिरणं आवरणारं डिफरन्शियल घे. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक

उत्तर : पाना घ्या आणि मागचा बार काढून ठेवा. फक्त तेवढं करून एकदा गाडी पळवा, मग पुढचं वाचा.

दोन्ही मित्र डिफरन्शियलबद्दल बोलताहेत, पण दोष तिथे नाही. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देतं. म्हणजे आतल्या चाकाला जेवढा पेलवतो तेवढाच बाहेरच्यालाही मिळतो, मग बाहेरच्या चाकावर कितीही वजन असो. तेव्हा प्रश्न इतकाच, की वळणात मागच्या आतल्या चाकावर वजन किती उरतं.

ढोबळ हिशेब मांडू. चालकासह गाडी १००० किलो धरा, पुढे-मागे निम्मी-निम्मी. मागच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण १.२५ मीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर धरू. ०.८ जी ने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट जोराने वळताना आतल्या बाजूचं सुमारे ३२० किलो वजन बाहेरच्या बाजूला जातं. हा आकडा पाटे, बार, शॉकॲब्सॉर्बर काहीही बदललंत तरी बदलत नाही. गाडी कमी कलली म्हणजे वजन कमी सरकलं, असं बरेच जण धरून चालतात. तसं नसतं. कडकपणामुळे ठरतं ते एवढंच, की या ३२० किलोंपैकी किती पुढच्या चाकांमधून जायचे आणि किती मागच्या.

थांबलेल्या गाडीत मागच्या प्रत्येक चाकावर २५० किलो असतात. सरकणाऱ्या वजनातला निम्मा वाटा मागे आला तर आतल्या चाकावर ९० किलो उरतात. तोच वाटा चाळीस टक्के केला तर १२२. म्हणजे एकही महागडा भाग न घेता आतल्या चाकाची ओढ एक तृतीयांशाहून जास्त वाढली. तुम्ही मागे कडक पाटे आणि बार लावून नेमकं उलट केलंत. गाडी कलायची थांबली हे खरं, पण त्याचं बिल मागच्या आतल्या चाकाने भरलं.

कारखान्यातूनच मागे बार आलेल्या एमजीबीही असतात, असं कुणी तुम्हाला सांगेल. असतात, पण त्या नंतरच्या, रबरी बंपरच्या. १९७४मध्ये अमेरिकी नियमांपायी गाडी सुमारे इंचभर उंच झाली, ती फारच डोलायला लागली, आणि काही काळाने तो बार आला. तुमच्या गाडीला ते दुखणंच नाही.

आता कलणं आवरायचं तर पुढून आवरा. बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. साधारण १६ मिलिमीटरचा पुढचा बार काढून १९चा घातलात तर कडकपणा दुप्पट होतो, २२चा घातलात तर साडेतीनपट. १९वर थांबा. २२चा बार बसवून आणि मागे मूळचे मऊ पाटे ठेवून बघितलेल्या गाड्यांत पुढचं आतलं चाक वळणात जमीन सोडतं. ते एकदा उचललं, की पुढच्या बाजूकडे द्यायला काही शिल्लक राहत नाही. त्यानंतर सरकणारं सगळं वजन मागेच येतं. फोटोत ते तीन चाकांवरचं दृश्य रुबाबदार दिसतं खरं. म्हणून कुणाला तरी वळणाच्या आतल्या बाजूला, सुरक्षित अंतरावर उभं करून चित्रण करायला सांगा आणि नंतर पुढचं आतलं चाक नीट बघा. ते टेकलेलं असेल तर अजून वाव आहे. हवेत असेल तर पुढे आणखी काही कडक करू नका.

पुढे कडक केलं की गाडी नाकाने बाहेर सरकू लागेल. ती तक्रार येणारच, त्यासाठी मागचा बार परत लावू नका. या गाडीच्या पुढच्या चाकांना मूळ मापात साधारण एक अंश पॉझिटिव्ह कॅम्बर असतो, म्हणजे चाकं वरच्या बाजूने बाहेर झुकलेली. आजच्या टायरना हे मानवत नाही. खालच्या आर्मचे बुश किंवा आर्मच बदलून अंश-दीड अंश निगेटिव्हकडे आणलंत तर पुढची पकड परत मिळते आणि मागच्या चाकांना धक्का लागत नाही.

मागचे कडक पाटेही काढा, मूळचे चांगले असतील तर तेच परत घाला. बसलेले असतील तर नवे घ्या, पण मूळ कडकपणाचे. गाडी खाली आणायला ॲक्सल आणि पाट्यांमध्ये ठोकळे घातले असतील तर रबरी बंप स्टॉपपर्यंत किती जागा उरली तेही मोजा. वळणात बाहेरची बाजू स्टॉपवर टेकली की मागचा भाग एका क्षणात दगडासारखा कडक होतो आणि आतलं चाक सुटतं. हे मऊ पाट्यांवरही होतं, आणि मग माणूस उगाच पाट्यांना दोष देत बसतो. सोबत आर्मस्ट्राँगच्या लिव्हर-आर्म डॅम्परमध्ये (जुन्या पद्धतीच्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये) तेल आहे का बघा. रिकामा डॅम्पर ओळखायला जोडणी सोडवून दांडा हाताने हलवा. मध्येच कुठे ढिला पडला तर आत तेल नाही.

उजव्या-डाव्या वळणांतला फरक तुम्ही लिहिलात हे बरं केलंत. पुष्कळांच्या ते लक्षातही येत नाही. तो भास नाही. तुमच्या गाडीला मागे अखंड ॲक्सल आहे आणि इंजिनाचा जोर मागे नेणारा प्रॉपेलर शाफ्ट फिरताना त्या ॲक्सललाही पिळतो. मागून पाहिलं तर डावं चाक खाली दाबलं जातं आणि उजवं उचललं जातं. या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क दीडशे न्यूटन-मीटरच्या जरा आत आहे, दुसऱ्या गियरचं प्रमाण २.१७ च्या आसपास. शाफ्टवर सव्वातीनशे न्यूटन-मीटर धरले आणि त्यातला काही भाग गाडीच्या सांगाड्यातून मागच्या पाट्यांवाटे परत येतो हे वजा केलं, तरी पूर्ण ॲक्सिलरेटरला उजव्या चाकावरून पंधराएक किलो जातात आणि डाव्यावर येतात. त्यात तुम्ही डावीकडे बसता, म्हणजे तिथे आणखी दहाएक किलोंचा फरक. मघाचे १२२ किलो डाव्या वळणात १४७ होतात आणि उजव्यात ९७. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत चालकाचं वजन याच पिळाची बरीचशी भरपाई करतं, त्यामुळे तिथे अशी तक्रार कमी येते. स्वतंत्र मागच्या सस्पेन्शनच्या गाडीत तर डिफरन्शियल सांगाड्यालाच बांधलेलं असतं, तिथे हा पीळ चाकांपर्यंत पोचतच नाही.

यावर एक छोटा इलाज आहे. तुमच्या गाडीत सीटच्या मागे दोन बाजूंना सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. त्या बदलून एकच बारा व्होल्टची घेणार असाल तर ती उजवीकडच्या पेटीत बसवा. काही किलोच, पण हवे त्या जागी. दुसरं, सपाट जमिनीवर प्रत्येक चाकाच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उंची मोजा. उजवीकडचा मागचा पाटा बसलेला असेल तर त्या कोपऱ्यावर आधीच वजन कमी पडतंय.

एवढं केल्यावरही चाक फिरत असेल तर डिफरन्शियलकडे वळा. वेल्डिंग नकोच. वेल्ड केलेल्या ॲक्सलला दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवावी लागतात, आणि ऑटोक्रॉसमध्ये तुम्ही बहुतेक वेळ घट्ट, हळू वळणांत असता. गाडी वळायलाच नकार देईल आणि चाकांपर्यंत जोर नेणाऱ्या हाफ शाफ्टवर नाहक ताण येईल. लिमिटेड स्लिपमध्ये दोन जाती. क्वाइफसारखं गियरवालं गुळगुळीत चालतं, स्टिअरिंगला त्रास देत नाही, पण ते घसरणाऱ्या चाकाच्या टॉर्कच्या काही पट टॉर्क दुसऱ्याला देतं. आतलं चाक हवेत गेलं तर शून्याच्या कितीही पट शून्यच. प्लेटवालं आधीपासून दाबून ठेवलेलं असतं, त्यामुळे उचललेल्या चाकावरही थोडी ओढ ठेवतं. बदल्यात कटकट आवाज, खास तेल, आणि वळणात शिरताना नाक बाहेर ढकलणं. मी सांगितलेल्या क्रमाने गेलात तर चाक टेकलेलं राहील, आणि मग गियरवालं पुरतं. पण मागवण्याआधी तुमच्या वर्गाचे नियम वाचा. बऱ्याच ठिकाणी लिमिटेड स्लिप लावलीत की गाडी वरच्या वर्गात जाते, आणि तिथे जिंकणं आणखी अवघड.

शेवटी पाय. जुळ्या एसयू कार्बोरेटरची फुलपाखरं एकाच वेळी उघडतात का बघा. जोडणीची बुशिंग झिजली असतील तर पहिला पाव इंच काहीच होत नाही आणि मग सगळं एकदम येतं. अशा पेडलने कुणालाच हळुवार ॲक्सिलरेशन देता येत नाही. ते दुरुस्त झालं की वळणात शंकूला थोडं उशिरा चिकटा, स्टिअरिंग सरळ होऊ लागलं की मगच दाबा. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना दाबलेला ॲक्सिलरेटर फक्त टायर खातो.

प्रश्न : सुरुवातीच्या रेषेवरून निघताना माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारचा मागचा ॲक्सल धडधड उड्या मारतो. मऊ पाट्यांमुळे असेल का? तुम्ही तर मऊ पाटे चांगले म्हणता.
– एक वाचक

उत्तर : दुखणं वेगळं आहे. निघताना टॉर्कमुळे ॲक्सल स्वतःभोवती फिरू बघतो, पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे मुरडतात, टायर पकड सोडतो, पाटे उसळून परत येतात, टायर पुन्हा पकडतो. तीच धडधड. त्याला ॲक्सलपासून पुढे सांगाड्यापर्यंत जाणारे ट्रॅम्प बार लावतात. फक्त त्यांचा पुढचा खिळा पाट्याच्या पुढच्या खिळ्याच्या शक्य तितका जवळ आणि बारची लांबी पाट्याच्या पुढच्या अर्ध्याइतकी असू द्या. तसं नसेल तर कलताना बार आणि पाटा एकमेकांशी भांडतात, मागचा भाग कडक होतो, आणि वरच्या वाचकाची तक्रार तुमच्याही पत्रात येईल. बार लावण्यापूर्वी पाट्यांचे यू-बोल्ट आवळून बघा आणि पुढचं रबरी बुश तपासा. निम्म्या गाड्या तिथेच बऱ्या होतात.

प्रश्न : मागची पकड वाढावी म्हणून मागच्या टायरमधली हवा किती कमी करू? टायरची नक्षी अगदी नव्यासारखी आहे. चाकं तारेची आहेत.
– एक वाचक

उत्तर : नक्षी सोडा, टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१६ लिहिलं असेल तर तो २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. जुन्या हौशी गाड्या फिरतात कमी, म्हणून नक्षी राहते आणि रबर टणक होऊन जातं. अशा टायरमध्ये हवा कमी-जास्त करून काही साधत नाही, आधी ते बदला.

नवे घेतल्यावर टायरच्या खांद्यावर खडूने आडव्या रेघा ओढा आणि एक फेरी मारा. खडू नक्षीच्या कडेपर्यंतच पुसला गेला तर हवा ठीक. खाली बाजूवरही पुसला गेला तर कमी आहे, वाढवा. बदल दोन-दोन पौंडांनीच करा, आणि टायर तापलेले असताना मोजा. तारेच्या चाकांत ट्यूब असते, त्यामुळे फार कमी हवेवर टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटण्याची भीती राहते. आणि चिकट टायर लावण्याआधी प्रत्येक तार पेन्सिलीने वाजवून घ्या. जिचा आवाज बोदा येईल ती ढिली आहे किंवा तुटलेली.