ग्राफिक्स कार्डाआधी क्रेडिट कार्ड

२०१६ सालच्या जीटीएक्स १०६० या ग्राफिक्स कार्डाच्या जागी नवे आरटीएक्स ५०६० टीआय घ्यायचे ठरवले असून ते ८ जीबी मेमरीचे घ्यावे की १६ जीबीचे, असा तुमचा प्रश्न आहे. त्याच पत्रात शेवटी एक ओळ आहे: ‘क्रेडिट कार्डावर थकबाकी आहे, पण किमान रक्कम दरमहा वेळेवर भरतो, त्यामुळे व्याजाची चिंता नाही.’ मला खरी काळजी वाटते ती या ओळीची.

आधी प्रश्नाचे उत्तर. दोन्हींपैकी घ्यायचे तर १६ जीबीचे घ्यावे. ग्राफिक्स कार्डाची मेमरी भरली की टेक्स्चर, म्हणजे गेममधल्या वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे, संगणकाच्या मुख्य मेमरीतून आणावी लागतात. हे कार्ड मदरबोर्डावरच्या स्लॉटच्या फक्त ८ लेन, म्हणजे डेटा ये-जा करण्याच्या मार्गिका, वापरते आणि तुमचा मदरबोर्ड पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या जुन्या, तिसऱ्या पिढीचा आहे, त्यामुळे ही वाट अरुंद ठरते आणि दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची, सरासरी चांगली असूनही गेममध्ये वळताना चित्र अडखळते. मात्र तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला ६० हून अधिक फ्रेम तो दाखवूच शकत नाही, आणि प्रोसेसर जुना, चार कोअरचा आहे. नेहमीचा गेम एकदा कमी रिझोल्यूशनवर चालवून पाहा. फ्रेम वाढल्या नाहीत, तर अडथळा प्रोसेसरचा आहे आणि नवे ग्राफिक्स कार्ड तो दूर करणार नाही.

आता थकबाकी. किमान रक्कम भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही. ग्राफिक्स कार्डाची किंमत १०० धरली, तर तुमची थकबाकी ३०० आहे. दरमहा ३ टक्के म्हणजे ९ व्याज. तुम्ही ५ टक्के, म्हणजे १५ भरता, त्यातून मुद्दल फक्त ६ ने घटते. या गतीने थकबाकी निम्मी व्हायलाच जवळपास तीन वर्षे लागतील आणि पहिल्या वर्षभरात जे व्याज जाईल, त्यात जवळजवळ हेच ग्राफिक्स कार्ड आले असते. शिवाय थकबाकी चालू असेपर्यंत नव्या खरेदीला व्याजमुक्त मुदत मिळत नाही, म्हणून ते क्रेडिट कार्ड आजपासून वापरू नका.

‘बिनव्याजी’ हप्त्यांबद्दल तुम्ही उत्साहाने लिहिले आहे, पण रोखीच्या खरेदीवरची सवलत हप्त्यांवर मिळत नाही, हेही तुम्हीच लिहिले आहे. व्याज तिथेच वसूल झाले. ग्राफिक्स कार्डाच्या १०० मध्ये हप्त्यांच्या प्रक्रिया शुल्काचे २ आणि दोन वर्षांच्या संरक्षण योजनेचे ८ धरून एकूण ११० होतात. उत्पादकाची हमी तीन वर्षांची असताना त्याच काळातल्या बिघाडांसाठी दुसरी दोन वर्षांची योजना गळ्यात मारणे ही शुद्ध दिशाभूल आहे; ती घेऊ नका. रात्री मायनिंग करून, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला गणिते सोडवायला लावून क्रिप्टो चलन कमावून, हप्ते निघतील, ही मित्राने दिलेली आशाही सोडून द्या. ग्राफिक्स कार्डांवर चालणारे सर्वांत मोठे मायनिंग ईथेरियम या क्रिप्टो चलनाचे होते आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ईथेरियमने ती पद्धतच बंद केली. जे काही उरले आहे, त्यावर वीजबिल भागवण्याचाही भरवसा धरता येत नाही.

बारा महिन्यांचा हप्ता साधारण ९ पडतो आणि तो परवडेल असे तुम्ही म्हणता. मग तोच ९ आजच्या १५ मध्ये मिळवून दरमहा २४ थकबाकीत भरा, आणि किमान रक्कम घटत गेली तरी हा आकडा कमी करू नका. सुमारे सोळा महिन्यांत ३०० पूर्ण फिटतील. तोपर्यंत गेममध्ये टेक्स्चरचा दर्जा एक पायरी खाली ठेवा, कारण जीटीएक्स १०६० च्या ६ जीबी मेमरीवर मोठा भार त्याचाच पडतो. कर्ज फिटल्यावर तेच २४ बाजूला ठेवलेत, तर पाच महिन्यांत ग्राफिक्स कार्डाची पूर्ण किंमत तुमच्या हातात असेल आणि रोखीची सवलतही मिळेल.