मॅडम, वजन रक्तातच असेल तर डाएट कशाला?

"आमच्या घरात सगळेच जाड. रक्तातच आहे, मग मी जिवाचा आटापिटा कशाला करू?" आहार समुपदेशन करताना हा प्रश्न वरचेवर कानावर येतो. कुणी चिडून विचारतं, कुणी हात टेकून. ज्या ताईंबद्दल लिहिते आहे त्यांचा आवाज विचारताना भरून आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

पस्तिशीच्या, बँकेत नोकरीला. सोबत आई. ताईंनी पर्समधून एका जनुक चाचणीचा रिपोर्ट काढला. ऑनलाइन मागवलेल्या नळीत लाळ घालून कुरिअरने पाठवायची, तसली चाचणी. 'एफटीओ' या वजनाशी संबंध असलेल्या जनुकाच्या नावापुढे लाल बाण होता आणि खाली लिहिलं होतं: दोन्ही प्रती, धोका अधिक. ताईंच्या आई, म्हणजे काकू, लगेच म्हणाल्या, "रिपोर्टचं काय घेऊन बसलात! हिचा जिभेवर ताबा नाही. धाकटी हिच्याच ताटाला ताट लावून वाढली, ती कशी बारीक राहिली?"

मी आधी काकूंनाच उत्तर दिलं. सख्ख्या बहिणी असल्या तरी आईवडिलांकडून दोघींच्या वाट्याला सारखीच जनुकं येत नाहीत. एकीला एफटीओच्या वजन वाढवणाऱ्या दोन प्रती (एक आईकडून, एक वडिलांकडून) मिळतात, दुसरीला एकही नाही, असं एकाच घरात होऊ शकतं. आणि हा प्रकार दुर्मीळ नाही. 2007 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी 38,759 जणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा युरोपीय वंशाच्या सहांतल्या साधारण एकाकडे दोन्ही प्रती आढळल्या. एकही प्रत नसलेल्यांपेक्षा त्यांचं वजन सरासरी तीन किलोंनी जास्त होतं.

"तीनच?" ताईंनी विचारलं. त्यांचं वजन अठ्ठ्याहत्तर होतं.

हो, सरासरी तीन. वजनावर परिणाम करणारी अशी पुष्कळ जनुकं आहेत, बहुतेकांचा वाटा याहूनही लहान. त्यांच्या वजनातले नेमके किती किलो कशामुळे, हे कुठलाच रिपोर्ट सांगू शकत नाही. पण हे जनुक काय करतं याचा थोडा अंदाज आहे, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. इंग्लंडमध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांना पोटभर जेवणानंतर बिस्किटं दिली, तर या प्रती असलेल्या मुलांनी ती जास्त खाल्ली. पोट भरल्याची खूण त्यांना उशिरा किंवा क्षीण मिळत असावी.

हे ऐकून ताई एकदम बोलत्या झाल्या. "धाकटी दुसऱ्या पोळीला 'बास' म्हणते आणि तिला खरंच बास होतं. मला चौथी पोळी संपली तरी कळत नाही. मला वाटायचं मी हावरट आहे." काकू काही बोलल्या नाहीत. लेकीला इतकी वर्षं लागलेला हा बोल आधी पुसला जायला हवा होता. स्वतःला हावरट समजणारं माणूस चार दिवस उपास काढतं आणि पाचव्या दिवशी फरसाणाचा डबा रिकामा करतं, हे मी फार पाहिलंय.

मग त्यांचा मूळ प्रश्न. 2016 मध्ये आठ वैद्यकीय प्रयोगांतल्या नऊ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. आहार आणि व्यायामाने या प्रती असलेल्यांचं वजन इतरांइतकंच उतरलं होतं. त्याआधी 2011 मध्ये दोन लाखांवर प्रौढांच्या माहितीतून दिसलं होतं की अंगाला हालचाल असणाऱ्यांमध्ये एफटीओचा परिणाम साधारण चतुर्थांशाने कमी होतो. म्हणजे त्या लाल बाणाने कुठलाच रस्ता बंद केलेला नव्हता.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने करायला लावली: कंबरेचं माप आणि साखरेची तपासणी. पुण्यात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं की भारतीयांमध्ये एफटीओचा मधुमेहाशी जवळचा संबंध आहे आणि तो निव्वळ वजनातून येत नाही. ताईंची साखर काठावर निघाली. काट्यापेक्षा मला तिची काळजी जास्त होती.

खूण उशिरा मिळते, तर तिच्यावर विसंबायचं नाही, असं आम्ही ठरवलं. आधी कोशिंबीर आणि वाटीभर उसळ, मग ताटात मोजून दोन पोळ्या. पोळ्यांचा डबा टेबलावर नाही, ओट्यावर. बँकेतून आल्यावर हाताशी फरसाण नको, फुटाणे हवेत. जेवणानंतर चालणं. काकूंना दोन गोष्टी बंद करायला सांगितल्या: "आणखी एक घे गं" हा आग्रह आणि "किती खातेस" हा टोमणा. पहिली त्यांना जास्त जड गेली.

वजन हळूहळू उतरलं. दिवाळीत थोडं चढलं, पुन्हा उतरलं. साखर नॉर्मलला आली.

मध्ये एकदा ताईंनी विचारलं, लेकीचीही ती चाचणी करू का? मी नको म्हटलं. आठ वर्षांची मुलगी, वजन उंचीला साजेसं. लाल बाण दाखवून तिला आतापासून धास्तावण्यात काय अर्थ? मूल पाच वर्षांचं व्हायच्या आतच वजन झपाट्याने वाढत असेल आणि भूक कशानेच भागत नसेल, तर गोष्ट वेगळी. त्यामागे एकाच जनुकातला मोठा बिघाड असू शकतो. अशा मुलाला बालरोगतज्ज्ञांमार्फत हार्मोन्सच्या तज्ज्ञांकडे न्यावं. कुठली चाचणी करायची ते तेच ठरवतात.