नुसता उणे सात परत करू नका

प्रश्न: आम्ही पतपेढ्यांच्या हप्त्यांच्या फाइली वाचणारी सी भाषेतली लायब्ररी लिहितो. काही बिघडलं की फंक्शन उणे आकडा परत करतं. टीममधली नवी मुलं म्हणतात, एररसाठी स्ट्रक्ट (अनेक माहिती एकत्र बांधणारी रचना) द्या. सीनियर म्हणतात, आकडा वेगवान आणि सुटसुटीत. काय करावं?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: स्ट्रक्ट द्या. परळच्या एका पतपेढीचा सपोर्ट माझ्याकडे आहे. महिनाअखेरीला तिथल्या ताईंचा फोन येतो, "मॅडम, उणे सात आलंय." हेडर (लायब्ररीच्या कोडांचे अर्थ लिहिलेली फाइल) उघडावं तर उणे सातपुढे एवढंच: तारीख चुकीची. कुठल्या फाइलीत? कितव्या ओळीला? फंक्शन अडलं तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं: ४१२वी ओळ, 'हप्ता दिनांक' हा रकाना, त्यात ३१/०२/२०२५. परत येताना ते सगळं टाकून त्यानं फक्त उणे सात आणला. मग ताई फाइल एक्सेलमध्ये उघडून ओळ न् ओळ तपासत बसतात आणि त्यांची नेहमीची लोकल चुकते. याचा मला मनापासून राग येतो, कारण हा त्रास टाळता येण्याजोगा आहे.

एररचा कोड, म्हणजे तो आकडा, मात्र काढू नका. पुढं काय करायचं हे कॉल करणारा प्रोग्रॅम कोडवरूनच ठरवतो. मेसेजमधले शब्द शोधायला लावलंत तर मेसेज सुधारला त्या दिवशी त्याचं काम बिघडेल. तुलना कोडला दिलेल्या नावाशी होऊ द्या, आकड्याशी नको. 'ईअगेन' हा 'पुन्हा प्रयत्न करा' सांगणारा एरर लिनक्सवर ११ आहे, मॅकवर ३५.

पोस्टग्रेस या डेटाबेसची पद्धत मला फार आवडते. युनिक कन्स्ट्रेंट (तीच नोंद दोनदा नको हा नियम) मोडला की २३५०५ हा कोड येतो, पण सोबत टेबलचं नाव, कन्स्ट्रेंटचं नाव आणि तपशील वेगवेगळ्या फील्डमध्ये मिळतात.

सीमध्येही हे जमतं. जीलिब या सीच्या लायब्ररीतला 'जीएरर' हा स्ट्रक्ट पाहा: डोमेन (एरर कुठल्या भागातला), कोड, मेसेज. तपशील नको असेल तो एररच्या जागी नल (रिकामा पत्ता) पाठवतो. तुम्ही त्यात फाइल, ओळ, रकाना, आलेला मजकूर वाढवा आणि मेमरी कोणी मोकळी करायची ते हेडरमध्ये लिहा. स्ट्रक्ट भरला जातो तो चूक झाल्यावरच, तेव्हा वेगाची चिंता सीनियरांनी सोडावी. परत येणारे जुने आकडे तसेच ठेवा, म्हणजे आधीच्या ग्राहकांचं काही मोडणार नाही.

एक सांभाळा. एरर लॉगमध्ये (प्रोग्रॅमच्या नोंदवहीत) जातात आणि लॉग बऱ्याच जणांच्या हाती पडतात. 'आलेला मजकूर' तारीख-रकमेपुरताच भरा. खातेक्रमांक आणि पॅनच्या रकान्यांना ओळ क्रमांक पुरतो.